सहाशे कॅलरींची वडी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझी नात हाफ मॅरेथॉनची तयारी करत होती, तेव्हाची गोष्ट. पहाटे उठून टेकडीवर पळायला जायची, आल्यावर वजन करायची आणि वहीत लिहून ठेवायची. एका रात्री तिला जेवायला हाक मारली, तर खोलीतूनच उत्तर आलं, ‘‘आजी, मी बार खाल्लाय. दोनशे दहा कॅलरी झाल्या. आता जेवण नको.’’ टेबलावर चॉकलेटच्या वड्यांचा अख्खा खोका होता. चकचकीत वेष्टन, त्यावर धावणाऱ्या माणसाचं चित्र आणि पाठीमागे मुंगीच्या अक्षरांत छापलेला तक्ता.

मी चष्मा लावला आणि तक्ता वाचला. वजन ४५ ग्रॅम. कर्बोदकं २५ ग्रॅम, त्यांपैकी साखर १६ ग्रॅम. स्निग्ध पदार्थ ९ ग्रॅम, प्रथिनं ७ ग्रॅम. एक ग्रॅम कर्बोदकांपासून चार कॅलरी, प्रथिनांपासूनही चार आणि स्निग्धांपासून नऊ. गुणाकार-बेरीज केली तर दोनशे नऊ भरल्या. हिशेब चोख होता. पोरीशी भांडायला मला जागाच नव्हती.

तरीही त्या रात्री मला झोप लागली नाही. मी जवळजवळ तीस वर्षं एका इस्पितळात आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी केली. वेष्टनावरचे आकडे मला परके नाहीत. पण वडी खाणारा कोण आहे, आणि किती दिवसांचा उपाशी आहे, हे कुठल्याच वेष्टनावर छापलेलं नसतं. ते विचारायचं राहिलं तर काय होतं, हे मी एकदा पाहिलं आहे. ती हकिगत पुढे सांगेन. आधी ही वडी आली कुठून ते पाहू.

आजच्या ‘एनर्जी बार’चे पूर्वज बरेच आहेत. त्यांतला ज्याची जन्मकथा नीट नोंदलेली आहे, तो जन्मला १९३७ साली, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात. अमेरिकी लष्कराच्या पुरवठा खात्यातले कॅप्टन पॉल लोगन हर्शी या चॉकलेट कंपनीकडे एक मागणी घेऊन गेले. सैनिकाचा मुख्य तुकडीशी संपर्क तुटला, रसद पोहोचली नाही, तर खिशातल्या खिशात राहील आणि जीव तगवील असं काहीतरी त्यांना हवं होतं. अटी चार होत्या. वजन चार औंस, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम. भरपूर उष्मांक. उन्हात वितळता कामा नये. आणि चौथी अट सगळ्यांत मजेदार होती: चव उकडलेल्या बटाट्यापेक्षा थोडीशीच बरी हवी, जास्त नको!

ही चौथी अट ऐकून आपल्याला हसू येतं. पण लोगनसाहेबांना सैनिकाचा स्वभाव पक्का ठाऊक होता. वडी चविष्ट झाली तर पठ्ठा ती पहिल्याच मुक्कामाला फस्त करणार, आणि खरी वेळ येईल तेव्हा खिसा रिकामा! आपल्याकडे लाडवांचा डबा वरच्या फळीवर ठेवायची पद्धत होती. इथे फळी नव्हती, म्हणून चवीलाच उंचावर ठेवायचं ठरलं.

हर्शीचे रसायनज्ञ सॅम हिंकल यांनी हे काम हाती घेतलं. साध्या चॉकलेटची अडचण अशी, की त्यातलं कोकोचं लोणी साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतं. आपल्या शरीराचं तापमान ३७. म्हणून तर चॉकलेट जिभेवर विरघळतं. पण म्हणूनच ते खिशातही विरघळतं. हिंकल यांनी साखर कमी केली आणि ओटचं पीठ घातलं. पिठानं स्निग्धता धरून ठेवली. शिवाय स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी होती. पुढे त्यात ‘ब-१’ जीवनसत्त्वही मिसळण्यात आलं. मिश्रण इतकं घट्ट झालं, की ते साच्यात ओतता येईना. सुरुवातीला कामगारांनी ते हातानं दाबून भरलं. तयार झालेल्या वडीत कॅलरी होत्या सहाशे. दिवसाला तीन वड्या, म्हणजे अठराशे कॅलरी. पोट भरणार नाही, पण माणूस चालू शकेल. लष्करात हिचं नाव पडलं ‘डी रेशन’.

आता गृहिणीच्या नजरेनं हा हिशेब पाहू. तेवढ्याच वजनाच्या, म्हणजे ११३ ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात शंभराच्या आतबाहेर कॅलरी असतात. वडीत सहाशे. हा सहापटींचा फरक मुख्यतः पाण्याचा आहे. बटाट्यात तीन-चतुर्थांशांहून जास्त पाणी असतं, वडीत जवळजवळ नसतं. उरलेला फरक स्निग्धांचा. पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसानं अन्नाबरोबर पाणी कशाला वाहायचं, ते वाटेत मिळेल, हा त्यामागचा विचार. आपला गूळ-शेंगदाण्याचा लाडू, दशमी, सातू हे प्रवासाचे पदार्थ याच विचाराचे. नुसत्या शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, गुळात पावणेचारशेच्या वर. निम्मेनिम्मे घेऊन चिक्की केली तर ती शंभर ग्रॅमला पावणेपाचशेच्या आसपास जाते. लोगनसाहेबांची वडी शंभर ग्रॅमला पाचशे तीस. आपली चिक्की फार मागे नाही!

‘ब-१’ जीवनसत्त्व घालण्यामागे बेरीबेरीची भीती होती. सडलेल्या, म्हणजे कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावर राहणाऱ्यांना होणारा हा रोग. पायांची ताकद जाते, अंगावर सूज येते, शेवटी हृदय थकतं. साखर-पिठूळ पदार्थांचं शक्तीत रूपांतर करायला शरीराला हे जीवनसत्त्व लागतं. चूल पेटवायला लाकूड आहे, पण काडेपेटी नाही, अशी गत त्याच्यावाचून होते. ही काडेपेटी लक्षात ठेवा. ती पुन्हा लागणार आहे.

सैनिकांनी या वडीला भरपूर शिव्या घातल्या. ती इतकी कडक होती, की अनेकांना चाकूनं तासून खावी लागे. चवीला कडू. खाण्याची सूचना अशी, की सावकाश, अर्धा तास लावून खावी, किंवा उकळत्या पाण्यात विरघळवून प्यावी. आतड्यांवर तिचा जो परिणाम होई, त्यावरून तिला ‘हिटलरचं गुप्त शस्त्र’ म्हणत. काही जण ती चक्क फेकून देत. १९४३ साली हिची सुधारलेली आवृत्ती निघाली, पॅसिफिकमधल्या उष्ण मुलखासाठी. १२० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४९ अंश सेल्सिअसच्या उष्णतेत तासभर टिकावी अशी तिची बेतणी होती. गंमत म्हणजे आपल्या शेजारच्या ब्रह्मदेशच्या आघाडीवर, हगवणीनं बेजार झालेल्या सैनिकांना दुसरं काही पचत नसे तेव्हा हीच वडी पोटात ठरे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशा तीन अब्जांहून अधिक वड्या तयार झाल्याचा अंदाज आहे. चंद्रावर गेलेल्या ‘अपोलो १५’ यानातही १९७१ साली तिनं प्रवास केला.

याच सुमारास मिनेसोटा विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी लष्करासाठी दुसरा शिधा बेतला. त्यांची पद्धत साधी होती. ते वाण्याच्या दुकानात गेले आणि टिकाऊ बिस्किटं, सुका मांसाचा पदार्थ, गोळ्या, चॉकलेट अशी खरेदी केली. सहा सैनिकांवर त्याची चाचणी घेतली. त्यातून प्रसिद्ध ‘के रेशन’ निघालं. डोंगर चढणाऱ्या, कूच करणाऱ्या धडधाकट जवानाला किती उष्मांक लागतात, हे आता शास्त्राला ठाऊक झालं होतं. पण उपाशी माणसाचं काय? महिनोन्‌महिने ज्याच्या पोटात धड काही गेलेलं नाही, त्याला पहिला घास कशाचा द्यायचा? युद्ध संपत आलं होतं आणि युरोपात अशी लाखो माणसं वाट पाहत होती.

याचं उत्तर शोधायला कीज यांनीच नोव्हेंबर १९४४मध्ये एक विलक्षण प्रयोग सुरू केला. शस्त्र धरायला तत्त्वतः नकार देणारे छत्तीस तरुण त्यासाठी स्वेच्छेनं पुढे आले. आधी तीन महिने पूर्ण आहार, मग चोवीस आठवडे साधारण निम्मा आहार आणि भरपूर चालणं, असा बेत. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशानं उतरलं. ती माणसं दिवसभर फक्त अन्नाचा विचार करत, पाककृतींची पुस्तकं वाचत, चिडचिड करत, ताटली चाटत. नंतर त्यांना वेगवेगळ्या प्रमाणात खाऊ घालून पाहिलं. निष्कर्ष स्पष्ट निघाला. पुरेशा कॅलरी मिळाल्याखेरीज नुसती जीवनसत्त्वं किंवा जादा प्रथिनं देऊन झालेली झीज भरून येत नाही. पण हा प्रयोग संपेपर्यंत १९४५चा ऑक्टोबर उजाडला. युरोपातल्या छावण्यांची दारं त्याआधीच उघडली होती.

१५ एप्रिल १९४५. ब्रिटिश सैन्य उत्तर जर्मनीतल्या बेर्गन-बेल्झन छावणीत शिरलं. आत सुमारे साठ हजार जिवंत माणसं होती आणि हजारो प्रेतं उघड्यावर पडलेली. सैनिक हेलावून गेले. त्यांनी जे केलं, ते तुम्ही-आम्ही कुणीही केलं असतं. त्यांनी आपला शिधा पुढे केला. डबाबंद मांस, बिस्किटं, दूध, चॉकलेट. समोरच्या हाडांच्या सापळ्यांनी ते अधाशासारखं खाल्लं. आणि त्यांतली कित्येक माणसं त्या अन्नानंच दगावली. चुकीच्या आहारामुळे तिथे सुमारे दोन हजार माणसं गेली, असा अंदाज दिला जातो. सुटकेनंतर त्या छावणीत एकूण मृत्यू झाले तेरा-चौदा हजारांच्या घरात. टायफस, क्षय, हगवण ही कारणं होतीच. तरी सुटका झालेला माणूस प्रेमानं दिलेल्या घासानं मरावा, यापरतं दुर्दैव कुठलं?

या ठिकाणी आपल्या देशाचा संबंध येतो, आणि तो अभिमानाचा नाही. १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यात सुमारे तीस लाख माणसं गेली, असं मानलं जातं. त्या उपासमारीत अखेरच्या टोकाला पोहोचलेल्या माणसांसाठी साखर, पीठ, दुधाची भुकटी यांचं एक पातळ मिश्रण वापरात आलं होतं. त्याचं नावच ‘बंगाल दुष्काळ मिश्रण’. दोन वर्षांनी हेच मिश्रण बेल्झनमध्ये करून देण्यात आलं. लंडनच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले सुमारे शंभर विद्यार्थी तिथे मदतीला गेले होते; ते खाटेखाटेशी जाऊन चमच्यानं भरवत. पण पूर्व युरोपातल्या त्या जिभांना ते भयंकर गोड लागलं. अनेकांना ते घशाखाली उतरेना. मग पातळ दूध, सूप, चहा असं थोडं थोडं देत पुढे जावं लागलं. भुकेनं मरणाऱ्या माणसालाही चव असते, हे तिथे कळलं. बटाट्याहून थोडी बरी एवढीच चव सैनिकाला पुरे, असं म्हणणाऱ्या हिशेबात हे बसत नव्हतं.

अन्नानं माणूस मरतो कसा? नंतरच्या वर्षांत डॉक्टरांनी त्याचा उलगडा केला. उपास लांबला की शरीर आपली पद्धत बदलतं. साखर मिळत नाही म्हणून चरबी जाळू लागतं. इन्शुलिन कमी होतं, सगळी यंत्रणा मंदावते. फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम या क्षारांचे साठे आतून रिते होत जातात. पण रक्ताच्या तपासणीत ते बरेचदा ठीकच दिसतात. अशा वेळी एकदम साखर आली, की इन्शुलिन उसळतं. साखरेबरोबर हे क्षारही रक्तातून पेशींत ओढले जातात आणि रक्तातलं त्यांचं प्रमाण धाडकन खाली येतं. हृदयाचे ठोके चुकतात, श्वासाचे स्नायू लुळे पडतात, अंगावर सूज येते. त्यातच साखर जाळायला लागणारी ती काडेपेटी, ‘ब-१’, आधीच संपलेली असते. इंग्रजीत याला ‘रीफीडिंग सिंड्रोम’ म्हणतात. मराठीत मी ‘पुनराहाराचा धोका’ म्हणते. आपल्या बायका मोठा उपास सोडताना आधी पेज किंवा वरणाचं पाणी देतात, त्यामागचं शहाणपण प्रयोगशाळेपेक्षा जुनं आहे.

आता ती राहिलेली हकिगत.

१९८६ साल होतं. मला नोकरीला लागून फार वर्षं झाली नव्हती. आमच्या वॉर्डात एक चाळिशीचा माणूस दाखल झाला. दगडखाणीत काम करणारा, एकटा राहणारा. तापानं आडवा झाला आणि तीन आठवडे जवळजवळ चहावरच होता. शेजाऱ्यांनी आणून टाकला. ताप उतरला होता, उरला होता तो नुसता सांगाडा. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ‘भरपूर उष्मांकांचा आहार’. तक्ता मी बनवला. दूध-साखर, शिरा, केळी, ग्लुकोजचं पाणी, दोन वेळचा मऊ भात-वरण. कॅलरी मोजून अडीच हजारांच्या वर नेल्या. हिशेब इतका सुरेख जमला होता, की मला मनातून बरं वाटलं.

तो माणूस पहिल्या दिवशी शिरा खाऊन रडला. म्हणाला, ‘‘ताई, आईच्या हातचा वाटला.’’ दुसऱ्या दिवशी मागून घेऊन खाल्लं. तिसऱ्या दिवशी त्याच्या पावलांवर सूज आली, धाप लागू लागली. चौथ्या रात्री तो गेला. कागदावर लिहिलं गेलं, ‘हृदय बंद पडून मृत्यू’. अशक्तपणाच फार होता, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. मला कुणी बोल लावला नाही.

काही वर्षांनी एका ग्रंथालयात बेल्झनवरचा लेख वाचताना माझे हात थांबले. सूज, धाप, तिसरा-चौथा दिवस. सगळं ओळखीचं. त्या माणसाच्या रक्तातलं फॉस्फेट त्या वेळी कुणी मोजलं नव्हतं, त्यामुळे शपथेवर काही सांगता यायचं नाही. पण तेव्हापासून माझ्यापुरतं मी पक्कं केलं. रुग्णाचा तक्ता करण्याआधी पहिला प्रश्न विचारायचा, ‘‘शेवटचं पोटभर कधी जेवलात?’’ किती वजन, किती उंची, हे त्यानंतर.

जगानंही हा धडा हळूहळू गिरवला. तीव्र कुपोषित बालकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं पायऱ्या ठरवून दिल्या. पहिली पायरी ‘एफ-७५’ नावाचं पातळ दूध, शंभर मिलिलिटरमध्ये फक्त पंचाहत्तर कॅलरी. ते थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी. मूल सावरलं, हसू-खाऊ लागलं, की मग ‘एफ-१००’. आणि १९९६ साली फ्रान्समध्ये आंद्रे ब्रियाँ हे बालरोगतज्ज्ञ आणि मिशेल लेस्कान हे अभियंते यांनी घरी नेऊन देता येईल असा एक पदार्थ काढला. चॉकलेट-हेझलनटचा पावाला लावायचा जो गोड लगदा दुकानात मिळतो, त्याच्यावरून ही कल्पना सुचली, असं सांगतात. भाजलेल्या शेंगदाण्यांचा लगदा, दुधाची भुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि तेच ते क्षार. ‘प्लम्पीनट’ हे त्याचं नाव. ९२ ग्रॅमची पुडी, कॅलरी पाचशे. शिजवायला नको, पाणी मिसळायला नको, पुडी फोडून मुलानं थेट चोखावी.

शंभर ग्रॅमचा हिशेब केला तर ही पुडी सुमारे पाचशे चाळीस कॅलरींची होते. लोगनसाहेबांची वडी पाचशे तीसची. म्हणजे उष्मांकांच्या दाटपणात दोन्ही जवळजवळ सारख्याच! एकीनं सैनिक तगवले, तीच भुकेनं खंगलेल्याच्या हातात पडली तर घात करू शकते आणि दुसरीनं लाखो मुलं वाचली. फरक आहे तो आत मिसळलेल्या क्षारांत, आणि त्याहून जास्त देण्याच्या रीतीत. ही पुडी कुठल्याही मुलाच्या हातात सरसकट देत नाहीत. आधी त्याची भुकेची चाचणी घेतात. चांगली भूक असलेल्या, ताप-सूज नसलेल्या मुलालाच ती घरी मिळते. ज्याची भूक मेलेली आहे, त्याला दवाखान्यात ठेवून पातळ दुधापासून सुरुवात करतात. मुंबईत शीव इथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयातही शेंगदाणे, दुधाची भुकटी, साखर आणि तेल यांपासून असा उपचाराचा लगदा बनवला जातो. परदेशी पुड्या आणाव्यात की आपल्या अंगणवाडीतलं ताजं अन्न द्यावं, यावर आपल्याकडे मोठे वाद झाले. केंद्र सरकारनं २००९ साली बाहेरून आलेल्या पुड्यांचं वाटप थांबवलंही. वादात दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. पण पुडी असो वा खिचडी, मुलाला आधी तपासून मगच पहिला घास, याबद्दल दुमत नाही.

मग ही लष्कराची, दवाखान्याची वडी आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात कशी आली? त्याचं श्रेय ब्रायन मॅक्सवेल या कॅनडाच्या मॅरेथॉन धावपटूला जातं. एका शर्यतीत एकविसाव्या मैलाच्या आसपास त्याच्या अंगातलं बळच संपलं. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, साधारण चारशे-पाचशे ग्रॅम, म्हणजे सोळाशे ते दोन हजार कॅलरींचा. तीसेक किलोमीटर जोरात पळाल्यावर तो सरतो. हा खड्डा भरायला मॅक्सवेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या घराच्या स्वयंपाकघरात प्रयोग केले आणि १९८६ साली ‘पॉवरबार’ बाजारात आणला. पळताना पचायला जड जाऊ नये म्हणून त्यात स्निग्ध अगदी कमी आणि कर्बोदकं भरपूर ठेवली होती. माझ्या वॉर्डातला माणूस गेला तेच हे साल. हा योगायोग मला उगाचच टोचतो.

तोवर ही वडी गरजवंताचीच होती. पण पुढे ती कचेरीत, कॉलेजात, प्रवासात शिरली, आणि लोगनसाहेबांची चौथी अट उलटी झाली. आता चव अशी हवी, की एक संपताच दुसरी उघडावीशी वाटावी. त्यासाठी साखर वाढली, चॉकलेटचा थर जाड झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला १६६० कॅलरी लागतात, पुरुषाला २११०. वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. माझ्या नातीच्या एका वडीत सोळा ग्रॅम होती. साठ किलोच्या माणसाला एक किलोमीटर पळायला साठेक कॅलरी लागतात. म्हणजे खुर्चीत बसून खाल्लेल्या एका वडीचं देणं फेडायला साडेतीन किलोमीटर पळायला हवं! उलट सियाचीनसारख्या ठिकाणी, जिथे १९८४पासून आपले जवान उभे आहेत, तिथे विरळ हवेनं भूक मरते आणि थंडीनं गरज वाढते. तिथे हीच वडी सोनं आहे. म्हैसूरची संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा १९६१पासून जवानांच्या खाण्याचा विचार करते आहे, तो याचसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातीला घेऊन बसले. वजनाची वही मागितली. महिन्याभरात साडेतीन किलो उतरलं होतं. मी तिला ओरडले नाही. माझा नेहमीचा प्रश्न विचारला, ‘‘शेवटची पोटभर कधी जेवलीस?’’ ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘आठवत नाही, आजी.’’

मग आम्ही दोघींनी कागद घेऊन हिशेब केला. पंचावन्न किलोच्या मुलीला एकवीस किलोमीटर पळायला साधारण अकराशे-साडेअकराशे कॅलरी लागतील. आदल्या रात्री आणि त्या आधीचे दोन-तीन दिवस नीट वरण-भात-पोळी जेवली, तर तेवढा साठा अंगात तयारच असतो. वडी लागलीच तर निम्म्या वाटेवर अर्धी. जेवणाच्या ताटाची जागा तिनं घेऊ नये. हिशेब तिला पटला. तिला आकडेच पटतात.

त्या दिवशी मी शिरा केला. त्या माणसाच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षं मी शिरा करताना चमचा थांबवून उभी राहायची. त्या दिवशीही थांबले. मग थोडाच वाढला, वाटीभर. ‘‘अजून?’’ नातीनं विचारलं. ‘‘उद्या,’’ मी म्हटलं. ‘‘उद्या जरा जास्त.’’